घराण्याचा गोरा रंग

आमचं घराणं गोरं. हे मी म्हणत नाही, पंचक्रोशी म्हणते. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या ज्या पट्ट्यात ऊन कुणाला करपवल्याशिवाय सोडत नाही, तिथं माझ्या आईच्या माहेरची माणसं पिठाच्या डब्यातून उठून आल्यासारखी फिकट. लग्न जुळवणारा मध्यस्थ विहिरीचं पाणी सांगायच्या आधी आमचा रंग सांगायचा. आणि हा रंग परक्या घरात वाया जाऊ नये म्हणून आमच्यात एक खात्रीचा उपाय होता: मुलाला मामाची मुलगी करायची. माझ्या वडिलांनी केली. मग मी केली. दोन पिढ्या आम्ही तो रंग लोणच्यासारखा दादरा बांधून जपला.

तो रंग नव्हता. ते कमी रक्त होतं. गावात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यासाठी मला देशाच्या दुसऱ्या टोकाला, कोलकात्याच्या एका सरकारी हॉस्पिटलात, पेन्सिलीनं काढलेल्या गोल-चौकोनांसमोर मान खाली घालून बसावं लागलं.

मी आठवी अर्धी केली. अर्धी म्हणजे दिवाळीपर्यंत. मास्तर म्हणायचे, याच्या वहीत चुका शोधायच्या नसतात, बरोबर शब्द शोधायचे असतात. दिवाळीला मामा कोलकात्याहून आला, त्यानं माझी वही चाळली आणि मला सोबत घेऊन गेला. आमच्या भागातली माणसं देशभर एकच धंदा करतात, गलाईचा. जुने दागिने, तुटलेल्या साखळ्या, कारागिरांच्या हातून सांडलेली भुकटी हे सगळं वितळवायचं, तेजाबात टाकून भेसळ काढायची आणि शुद्ध सोनं सोनाराच्या हातात ठेवायचं. बहूबाजारच्या एका गल्लीत मामाची भट्टी होती. मामानं मला काम शिकवलं, जेवू घातलं, मलेरिया झाला तेव्हा उशाशी बसून राहिला. पुढं त्याचे गुडघे गेले, तेव्हा दुकान माझ्यावर सोपवून तो गावी परतला आणि जाताना मुलगीही देऊन गेला. उपकार करण्याला काही मर्यादा असते. मामाला ती कुणी सांगितली नव्हती.

माझं रक्त लहानपणापासून कमी. आईनं मला बीट चारलं, खजूर चारले, कलेजी चारली, लोहाच्या औषधाच्या बाटल्या पाजल्या. दात काळे पडले, रक्त जागचं हललं नाही. कोलकात्याला आल्यावर सगळे म्हणू लागले, हा भट्टीच्या धुराचा परिणाम. म्हणजे गावी होतो तोवर मी गोरा होतो, आणि इथं उतरताक्षणी आजारी झालो. माणूस तोच, तोंडही तेच.

आम्ही राहतो ती खोली तिसऱ्या मजल्यावर. तळमजल्यावर घरमालकीण राहते, एका शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, एकटी बाई. मी तिला मासीमा म्हणतो, म्हणजे मावशी. ती मला बर्गी म्हणते. फार पूर्वी आमच्याकडचे घोडेस्वार इकडे लूटमार करायला यायचे, त्यांना इथं बर्गी म्हणत. अजूनही पोरं झोपेनात की आया त्यांचं नाव घेतात. मासीमा म्हणते, "माशाच्या काट्याला घाबरणारा बर्गी मी पहिल्यांदाच बघते आहे."

लग्नानंतर बायकोला घेऊन आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बायकोनं पुरणपोळ्या केल्या आणि आम्ही दोघं ताट घेऊन खाली गेलो. मासीमानं विचारलं, लग्न कसं जमलं. मी छाती पुढं काढून सांगितलं, मामाची मुलगी आहे.

मासीमानं ताट टेबलावर ठेवलं. "मामातो बोन?" मग मला कळावं म्हणून हिंदीत, "बहन से शादी किया?"

"बहन नहीं, मासीमा. मामा की लड़की."

"वोही तो बोला."

मी समजावून सांगितलं, आमच्याकडे मामाची मुलगी ही बहीण नसते, तिच्यावर भाच्याचा हक्क असतो. ती म्हणाली, "हक?" आणि बायकोकडे अशा नजरेनं बघितलं, की तिला आत्ताच्या आत्ता पोलिसांत न्यावं की आधी पुरणपोळी खावी हे तिचं ठरत नसावं. पुरणपोळी तिनं खाल्ली. बातमीही पोचवली. दोन दिवसांनी मासेवाला मला बघून शेजारच्या भाजीवाल्याच्या कानाला लागला. शेजारच्या जडावकाम करणाऱ्या कारागिरानं तर तोंडावर विचारलं, "रक्षाबंधन को तुम लोग क्या करता है, दादा?"

तेव्हा आम्ही ठरवलं. कोलकात्यात आमचं नातं नाही. एका गावचे आहोत, बस. मासीमाला सांगितलं की माझ्या हिंदीचा घोटाळा झाला, लांबची ओळख आहे. ती "आच्छा" म्हणाली. पुढची दोन वर्षं आम्ही हे नाटक चोख केलं. घरात मला 'अरे' म्हणणारी, लहानपणी माझ्या डोक्यात खरकटं ताट घातलेली बायको जिन्यात आली की 'अहो' म्हणायची. मामाचा फोन आला आणि जिन्यात कुणी असलं की मी म्हणायचो, "बोला, सासरेबुवा." पहिल्यांदा मामा घाबरलाच. म्हणाला, "काय रे, अंगात ताप-बिप आहे का?"

मग बायकोला दिवस गेले.

गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानावरच्या खोलीत एक डॉक्टर संध्याकाळी बसतात. त्यांनी तिचं रक्त तपासून आणायला सांगितलं. कमी निघालं. त्यांनी तिची खालची पापणी ओढून बघितली, आणि मी जवळच उभा होतो म्हणून माझीही बघितली. "दोघांचंही?" असं पुटपुटून त्यांनी एक कागद पुढं ओढला आणि हिंदीत विचारायला लागले. घराण्यात कुणाला रक्ताचा आजार? नाही. कुणाचं लहान मूल दगावलं होतं? नाही. नवरा-बायकोचं लग्नाआधीचं काही नातं?

दाराशी बाकावर आमच्याच गल्लीतल्या तीन बायका बसल्या होत्या. त्यांतली एक मासेवाल्याची बायको.

"नहीं जी," मी म्हणालो. "गाँव एक है, बस."

बायकोनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

तीन प्रश्न, तीन उत्तरं, न अडखळता. शाळेत हे मला एकदाही जमलं नव्हतं. मग डॉक्टरांनी धंदा विचारला. सोन्याची गलाई म्हणताच त्यांचा चेहरा उजळला. सापडलं. धूर, तेजाब, शिसं. बायको भट्टीकडं कधी फिरकत नाही असं मी म्हणालो, तर ते म्हणाले, तुमच्या कपड्यांतून येतं. एवढं हुशार उत्तर ऐकून मला बरं वाटलं. दोष माझ्या शर्टाचा निघाला होता, आणि शर्ट धुता येतो. त्यांनी महिन्याभराच्या लोहाच्या गोळ्या दिल्या. मी महिनाभर कामावरून आलो की जिन्यातच शर्ट काढून, बनियनवर घरात शिरत असे. गल्लीत अब्रू राखण्याचा तोही एक मार्ग.

महिन्यानंतर पुन्हा तपासलं. रक्त जिथल्या तिथं.

तो कागद मासीमानं जिन्यात माझ्या हातातून काढून घेतला. ती कुणाचाही कागद काढून घेते, तीस वर्षांची सवय आहे. चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "थॅलॅसेमिया देखा?"

मी हा शब्द इथल्या भिंतींवर, बसच्या मागं अनेकदा बघितला होता. लग्नाआधी रक्त तपासा, असं लिहिलेलं असतं. मला वाटायचं, बंगाल्यांचं काहीतरी असेल, त्यांच्या गोड दह्यासारखं, मिष्टी दोईसारखं.

मासीमा पायरीवर बसली. म्हणाली, तिच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात पहिली. दर महिन्याला तिला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागायचं. रक्त चढलं की आठ-पंधरा दिवस पळायची, मग हळूहळू उतरायची, बाकावर डोकं टेकून बसायची. हे तिच्या जन्मापासून चाललं होतं. "आई-बाप दोघं धडधाकट," मासीमा म्हणाली. "दोघांच्यात थोडं थोडं होतं, तिच्यात पूर्ण आलं. त्यांना आधी माहीत नव्हतं. तुला माहीत करून घ्यायची संधी आहे, तर उद्याच्या उद्या जा." मग उठता उठता म्हणाली, "और उधर सच बोलना. सातवीं क्लास का झूठ हम हाजिरी में पकड़ लेता था."

म्हणजे दोन वर्षं आम्ही जिन्यात जे नाटक करत होतो, त्याला एक प्रेक्षक पहिल्या रांगेत बसून होता.

सरकारी हॉस्पिटलात सकाळी सहाला रांग लागते. मला रांगेची भीती नाही, मला रांग संपण्याची भीती. बायकोचं रक्त घेतलं, आठवड्यानं बोलावलं. एका छोट्या खोलीत एक बाई बसली होती. तिचं काम समजावून सांगायचं. तिला सगळे दीदी म्हणत होते, म्हणून मीही. तिनं हिंदीत सांगितलं: बायको वाहक आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे. वाहक म्हणजे ती तो आजार नुसता बाळगून आहे.

"शरीरात प्रत्येक गोष्टीची कृती दोनदा लिहिलेली असते," दीदी म्हणाली. "एक प्रत आईकडून, एक बापाकडून. रक्त बनवण्याच्या कृतीच्या एका प्रतीत हिच्याकडं एक अक्षर चुकलं आहे. दुसरी प्रत ठीक आहे, त्यावर हिचं चाललंय. रक्त जरा फिकं, बाकी आयुष्य तुमच्या-आमच्यासारखं. लोहाच्या गोळ्यांनी काय होणार? सामान भरपूर आहे, कृतीच चुकली आहे."

एक अक्षर. मी दर ओळीत चुकायचो, आणि मला नुसतं शाळेतून काढलं होतं.

मग माझंही रक्त घेतलं. चार दिवसांनी माझा कागद आला आणि दीदीनं तो बायकोच्या कागदाशेजारी ठेवला. आता तिची हिंदी एकदम सावकाश झाली. लहान मुलाशी किंवा बाँबशी बोलावं तशी. दोघेही वाहक. बाळ प्रत्येकाकडून एकच प्रत घेणार. दोघांची चांगली घेतली तर प्रश्नच नाही. एक चुकीची, एक चांगली, तर आमच्यासारखं. दोन्ही चुकीच्या, तर मासीमाच्या वर्गातली ती मुलगी. चारांत एक. आणि मागच्या वेळी काय झालं याच्याशी पुढच्या वेळेचा संबंध नाही, प्रत्येक वेळी नव्यानं चारांत एक.

बायकोनं विचारलं, "हे आत्ता कळू शकतं? पोटात असताना?"

"कळू शकतं. पण बारावा आठवडा लागलाय. गर्भाच्या वारेचा कण घेऊन तपासायची वेळ हीच. थोडं आधी आला असतात तर इतकी घाई झाली नसती." दीदीनं डॉक्टरांचा जुना कागद उलटला. "महिनाभर गोळ्या का दिल्या यांनी? अच्छा, नातं नाही. घराण्यात काही नाही."

मी छताकडं बघितलं. पंखा होता.

तिनं कोरा कागद घेतला, पेन्सिल काढली. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. घराण्याचा नकाशा काढायचा होता. आधी माझी बाजू. आई, वडील, आईचे वडील. ते काय करायचे? मी म्हणालो, कोलकात्यातच होते, गलाईची भट्टी होती. मग दुसऱ्या कागदावर बायकोची बाजू. वडील, आजोबा. आजोबा काय करायचे? बायको म्हणाली, इथंच होते, गलाईची भट्टी होती. पेन्सिल थोडी मंदावली. कुठं? बहूबाजार. आणि तुमच्या आजोबांची? बहूबाजार, मी म्हणालो. दीदी म्हणाली, "दोघांच्या आजोबांची ओळख असेल."

"हो," मी म्हणालो. "चांगली होती."

माझं हे उत्तर आमच्या घरात अजून ऐकवलं जातं. तेव्हा मात्र बायकोनं कपाळाला हात लावला. "दीदी," ती म्हणाली, "आजोबा एकच आहे."

मग मी सगळं सांगितलं. मामा, मामाची मुलगी, पुरणपोळी, मासेवाला, जिन्यातलं 'अहो'. दीदी हसेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. तिनं दुसरा कागद बाजूला सारला, रबर घेतलं, आणि माझ्या आईला एक भाऊ काढला, त्याला मुलगी काढली, आणि ती मुलगी व मी यांच्यात एक रेघ, आणि त्या रेघेला लागून आणखी एक. "दोन रेघा म्हणजे रक्ताच्या नात्यातलं लग्न," ती म्हणाली. "आणखी कुठं दोन रेघा?"

"आई-वडील."

"ते पण मामाची मुलगी?"

"माझी आजी म्हणजे बापाची आई, ती त्याच आजोबांची सख्खी बहीण."

तिनं पुन्हा खोडलं, पुन्हा काढलं. "आणखी?"

"एवढंच."

"नक्की ना? माझं रबर संपत आलंय."

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो डॉक्टरांनीही विचारला होता. घरात कुणी लहानपणी गेलं?

मी नाही म्हणणार होतो. खोटं म्हणून नव्हे, मला कुणी आठवतच नव्हतं. आणि मग आठवला. माझ्या आधीचा माझा थोरला भाऊ. मी त्याला बघितलेलं नाही. आईकडून ऐकलेला तेवढा: पोट मोठं, कपाळ पुढं आलेलं, डोळे पिवळे, ओसरीवरून दारापर्यंत गेला की बसायचा. सगळे म्हणायचे काय गोरं पोर आहे. चौथ्या वर्षी गेला. त्याच्यासाठी गावात दोन नवस झाले होते, एक बोकड पडला होता. शेवटी माझ्या आत्यानं, म्हणजे वडिलांच्या बहिणीनं, निदान केलं: पोर पोटात असताना हिनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली. त्यानंतर आमच्या घरात हा विषय मिटला. म्हणजे आईनं तोंड मिटलं.

दीदीनं माझ्या शेजारी एक चौकोन काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारली. त्या भावाचं नाव रेशनकार्डावर चढायच्या आत तो गेला होता. कुठल्याही कागदावर तो पहिल्यांदा आला तो असा, पेन्सिलीनं, बहूबाजारापासून दोन बसथांब्यांवर.

मी म्हणालो, "मग दोष आमच्या रीतीचा."

"आमच्यात मामेबहिणीशी कुणी लग्न करत नाही," दीदी म्हणाली, "आणि वरच्या मजल्यावरचा वॉर्ड बंगाली मुलांनी भरलेला आहे. सगळं श्रेय तुम्ही घेऊ नका. परक्यांतही दोन वाहक भेटतात. नात्यात केलं की एकच चूक दोघांकडं असण्याची शक्यता वाढते, इतकंच. लाज त्याची नको. लाज वाटायचीच असेल तर त्या महिन्याची वाटू द्या." मग बहुधा माझा चेहरा बघून म्हणाली, "ही चूक एवढी टिकली कशी, माहीत आहे? जिथं मलेरिया फार, तिथं एकच चुकलेली प्रत असलेली माणसं त्यातून जास्त वाचायची, असं मानतात. तुमचा कुणी पूर्वज तिच्यामुळंच जगला असेल."

मला इथं दोनदा मलेरिया झालेला आहे. पूर्वजांच्या वस्तूची हमी बहुतेक माझ्यापाशी येईतो संपली असावी.

एक मात्र झालं. दीदी म्हणाली, चूक एकाच घराण्यातली असणार, तर प्रयोगशाळेला दोघांत एकच अक्षर शोधायचं आहे, दोन निरनिराळी नाहीत. काम लवकर होईल. आमच्या नात्याचा कोलकात्यात हा पहिला उपयोग.

त्याच आठवड्यात बायकोच्या पोटातून सुईनं वारेचा कण घेतला. मला बाहेर बसवलं होतं. मी फरशा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आकडा जुळेना. ती बाहेर आली ती पोटावर हात धरून, पण स्वतःच्या पायांनी. आराम करायला सांगितला होता. तिला लगेच बसच्या धक्क्यात न्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून हॉस्पिटलच्या आवारातल्या एका चौथऱ्यावर बसलो, चहा घेतला.

"मी तेव्हा नातं सांगितलं असतं तर," मी म्हणालो.

"मी पण शेजारीच होते की. माझं तोंड कुणी शिवलं होतं?" ती म्हणाली. "अर्धं तुझं, अर्धं माझं. हल्ली सगळंच तसं निघतंय." ती बारावी झालेली आहे, तिला असं बोलता येतं. मग मातीचा कप हातात फिरवत तिनं विचारलं, "दोन्ही चुकीच्या आल्या तर काय करायचं?"

तीच म्हणाली, "मी ठरवलंय. दर महिन्याला सुई टोचून घ्यायला मी पोराला बोलावणार नाही. कुणी काही म्हटलं तर माझ्या नावावर सांग."

मी म्हणालो, "दोघांच्या नावावर." तेवढं तरी मला अडखळून का होईना बोलता आलं.

पुढचे दहा दिवस मी दुकानात दोनदा मूस फोडली, म्हणजे सोनं वितळवायचं ते मातीचं भांडं. मला एक सवय आहे, सोनं वितळल्यावर वरचा रंग बघून सांगतो, अजून किती भेसळ आहे. बहुतेक वेळा बरोबर येतं. त्या दहा दिवसांत बायको झोपली असताना मी तिच्या तोंडाकडं तसा बघत बसायचो. काही कळायचं नाही. आमच्या रंगावरून कुणाला काही कळत असतं, तर दोन पिढ्या एवढ्या खुशीत गेल्या नसत्या.

मासीमा जिन्यात काहीच विचारायची नाही. रोज माशाचा रस्सा पाठवायची, काटे काढून.

कागद आला त्या दिवशी दीदीनं आम्हाला बसायला सांगितलं. बसायला सांगितलं की माणूस अर्धा मरतो. तिनं कागद उलटा करून आमच्याकडं सरकवला, आणि मला इंग्रजी येत नाही हे लक्षात येऊन पुन्हा आपल्याकडं ओढला.

"एक प्रत," ती म्हणाली. "वाहक. तुमच्यासारखंच."

"अगदी आमच्यासारखं?" मी विचारलं.

"अगदी. दोन्ही चांगल्या प्रतीही घेता आल्या असत्या, पण पोर तुमच्यावर गेलंय."

बायको रडली. मी दीदीचे पाय धरायला वाकलो, तर तिनं खुर्ची मागं घेतली आणि म्हणाली, गावी जेवढे चौकोन आणि गोल आहेत, त्या सगळ्यांचं लग्नाआधी रक्त तपासायला सांगा, ते पुरे. हे शहर माझं नाही. इथली भाषा मला अजून धड येत नाही, मासा नीट खाता येत नाही. पण माझ्या आजोबांपासून आमच्या रक्तात काय लिहिलंय ते या शहरानं वाचून दाखवलं, आणि तेही दटावून, माझ्या खोट्यासकट. आता काय म्हणणार.

जिन्यात मासीमा उभीच होती. "वाहक," मी म्हणालो. ती म्हणाली, "बर्गी का बच्चा बर्गी." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिचं नाक शिंकरल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला.

मामाला फोन केला. जिना भरलेला होता, तरी 'मामा' म्हणालो. सगळं सांगितलं. रक्त, अक्षर, दोन प्रती, बायकोच्या धाकट्या भावाची सोयरीक पक्की करण्याआधी त्याची तपासणी. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे गोरं होणार पोर."

"होय, मामा."

"मग झालं."

पण दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच फोन करून विचारलं, तालुक्याला ही तपासणी कुठं करतात.

आईला शेवटी केला. तिला भावाचं सांगायचं होतं, म्हणून टाळत होतो. सांगितलं. पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.

"ग्रहणाचं काय?" आई म्हणाली.

"ग्रहणाचा काही संबंध नाही."

"विळीचा?"

"विळीचाही नाही."

दुसरी शिट्टी झाली. आईनं गॅस बंद केला असावा, कारण तिसरी झाली नाही. "तो कागद," ती म्हणाली, "मराठीत करून पाठव. तुझ्या आत्याला मराठी वाचता येतं."

मी बायकोच्या मदतीनं एक पानभर लिहिलं आणि पाठवलं. आठवड्यानं आईचा फोन आला. आत्या आली होती. तिनं चष्मा लावून दोनदा वाचलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, म्हणजे दोष तुझ्या माहेरचा."

"मग तू?"

"मी म्हटलं, माझं माहेर तेच तुझं आजोळ. चहा टाकू का?"